गुडघे टेकायचं आसन, आणि हात लावायलाही मनाई!

नीलांबरी_क
बॉस्टनचं गार्डनर संग्रहालय पाहून आले. इझाबेला स्टुअर्ट गार्डनर या बाईंनी जमवलेल्या वस्तूंसाठी बांधलेला वाडाच तो, १९०३ पासून लोकांना खुला. टिशियनसारख्या चित्रकारांची चित्रं वगैरे राहिली बाजूला, डोक्यात बसलंय ते इटालियन प्रार्थना-आसन. खाली गुडघ्यांसाठी फळी, वर कोपरं टेकायला नि प्रार्थनेचं पुस्तक ठेवायला उतार. इटालियनमध्ये नावही गुडघ्यावरूनच : इन्जिनोक्कियातोयो. आणि टेकायचं मात्र नाही! अशा वस्तू चर्चला परत द्याव्यात. समईची वात काढून ती शोकेसमध्ये ठेवण्यातलाच प्रकार.

सुताराचा_नातू
कोणत्या चर्चला? ही आसनं घरोघरीही असत, शेजघरात, पलंगाजवळ. शिवाय १८६६ च्या कायद्याने इटलीच्या नव्या राज्याने मठ बरखास्त करून मालमत्ता सरकारजमा केली. मठांतलं सामान बाजारात आलं. फ्लोरेन्सचा स्तेफानो बार्दिनी असल्याच व्यापारात मोठा झाला, गार्डनरबाई त्याच्या गिऱ्हाईक. त्या काळी दोन मोडक्या पेट्या जोडून एक 'रेनेसाँस', म्हणजे पंधराव्या-सोळाव्या शतकातलं म्हणवणारं, फर्निचरही होई, म्हणून मी आधी सांधे बघतो, भक्ती नंतर.

एकटा_जीव
म्हणजे आधी सरकारने काढून घेतलं, मग शेठाणीने विकत घेतलं, की झालं शुद्ध?

सुताराचा_नातू
शुद्धीचं नाही हो, अक्रोडाच्या लाकडाचं बोलतोय. रोज शंभर जण त्यावर टेकले तर नातवंडांना भुसा दाखवाल.

पणजीकर
जुन्या गोव्यातलं ख्रिस्ती कला संग्रहालय सांता मोनिका मठातच आहे. तिथे वस्तू माहेरी असल्यासारख्या वाटतात. बॉस्टन म्हणजे फारच लांबचं सासर.

मीरा_मॅसॅच्युसेट्स
नीलांबरीताई, दर १४ एप्रिलला, बाईंच्या वाढदिवशी, तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या प्रार्थनागृहात उपासना होते. मृत्युपत्रातच तसं आहे. आणि मांडणी बदलली तर सगळं विकून पैसे हार्वर्डला, हेही त्यातच. तुमचं 'परत द्या' तिथेच अडतं.

नीलांबरी_क
बरं, परत द्यायचं राहू दे. पण वर्षातून एकदा? आमच्या गावचा बंद वाडासुद्धा गणपतीला दीड दिवस उघडतो, म्हणून त्याला नांदतं घर म्हणतात का? १४ एप्रिलला त्या फळीवर खरंच कोणाला गुडघे टेकू दिले, तर मात्र मी शब्द मागे घेईन.