विषय: डिसेंबरात इंदूरला घरदुरुस्ती – कोण येणार?

सर्वांना नमस्कार,
यंदा नाताळच्या सुट्टीत आपल्या मंडळातले बरेच जण इंदूरला असणार. इथे परदेशात शनिवारी आपण हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या गरजूंसाठी घरं बांधणाऱ्या संस्थेच्या साइटवर जातो, तसंच तिकडे एका गरजू कुटुंबाचं घर दोन दिवसांत भेगा बुजवून, रंगवून द्यावं असा विचार आहे. अण्णा, पाहण्यात आहे का एखादं?
– सचिव

सचिवसाहेब,
घर आहे. आमच्याकडे धुण्याभांड्याला येतात त्या बाईंचं. पण दोन दिवस विसरा. सिमेंटच्या कामाला निदान सात दिवस पाणी मारावं लागतं. शिवाय भेगा बुजवून काही होत नाही. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ, त्यामुळे भिंतही तिच्याबरोबर हलते. तुम्ही रंग मारून विमानात बसाल आणि मे महिन्यात भेग पुन्हा तिथेच! आधी पत्र्याला पन्हळ लावून पाणी लांब काढायचं, भिंतीलगत बाहेर उतार देऊन फरशी करायची, म्हणजे पायाशी पाणी मुरणार नाही. भेगांचं नंतर बघू.

आणि एक. तुमच्याकडे लाकडी सांगाड्याची घरं, तिथे नवशिक्याच्या हाती हातोडा चालतो. इथे विटा आणि गिलावा. ते गवंड्याला करू द्या, त्याची मजुरी मंडळाने द्यावी. तुम्ही घमेली उचला.
– अण्णा

अण्णा,
पटलं. घमेली उचलू! पण घर कुणाच्या नावावर आहे? पट्टा, म्हणजे जागेचा सरकारी कागद, आहे का? नसेल तर उद्या कुणी उठवलं तर सगळंच गेलं. आणि बाईंना काय हवंय, विचारलं का कुणी?
– मेधा

मेधाताई,
पट्टा सासऱ्यांच्या नावावर आहे, ते वारले, वारसनोंद झालेली नाही. पंतप्रधान आवास योजनेत स्वतः घर बांधणाऱ्याला मदत मिळते, पण जागेचा कागद लागतो, म्हणून त्या अडकल्यात. वकिली करणारं कुणी येत असेल तर रंगाऱ्यापेक्षा त्याची गरज जास्त.

बाईंना विचारलं. त्यांना न्हाणीघराला दार हवंय. तुमच्या यादीत ते नव्हतंच.

आलात की इथली अरण्य वसाहत दाखवतो. वास्तुकार बाळकृष्ण दोशींनी आखली, १९९५ साली वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. गरिबांना तिथे प्लॉट, जोतं, संडास-न्हाणी आणि नळ मिळाला. पुढच्या खोल्या ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे चढवल्या. बाईंच्या न्हाणीघराचं दार तेवढं आधी करून घेतो, त्याला डिसेंबर कशाला? सुताराचा हिशोब सचिवांना पाठवतो.
– अण्णा