न्यू जर्सीत दिवाळीला फटाके चालतात का? बाबांना लवंगीची माळ हवीये

मंडळी, यंदाच एडिसनला राहायला आलोय. मुलगा ६ वर्षांचा, त्याच्या हातात फुलबाजी द्यायचीये, जमलं तर एखादा भुईनळा. एक मित्र म्हणतो इथे सगळ्यावरच बंदी, दुसरा म्हणतो काही होत नाही रे, पेन्सिल्वेनियात जा आणि डिकी भरून आण. आईबाबा आलेत आणि बाबांचा हट्ट लवंगीच्या माळेचा. नक्की चालतं काय?

मोदकप्रेमी
माळ विसरा. २०१७ पासून इथे फुलबाज्या, जमिनीवर ठेवून ठिणग्या उडणारे प्रकार, नागगोळ्या, धुराचे आणि ते आपटून चटचट वाजणारे, एवढंच चालतं, विकत घ्यायला वय १६ लागतं. जे फुटतं किंवा वर उडतं ते बाद. त्याआधी फुलबाजीपण चालत नव्हती, आम्ही गॅरेजच्या आडोशाला चोरासारख्या लावायचो :)

पलीकडचा_पुणेकर
मी पेन्सिल्वेनियात राहतो. दुकानात रॉकेटपासून सगळं मिळतं, १८ पूर्ण पाहिजे, पण उडवायला कुठल्याही इमारतीपासून आणि गाडीपासून १५० फूट लांब जावं लागतं, मी एकदा पावलं मोजत निघालो तर आमचं बॅकयार्ड संपून शेजाऱ्याच्या शेडपाशी पोचलो. शिवाय २०२२ च्या कायद्याने रात्री १० ते सकाळी १० बंद. ४ जुलै आणि ३१ डिसेंबरला सूट आहे, दिवाळीला नाही, म्हणजे अभ्यंगस्नानानंतरचा फटाका गेलाच. फुलबाजीला हे लागू नाही. आणि इथला माल तुमच्याकडे नेलात तर तिकडे गुन्हा, मित्राचं ऐकू नका.

चकली_करपली
न्यूयॉर्क सिटीत कोणाकडे जाणार असाल तर तिथे फुलबाजीसुद्धा नको, राज्यात बऱ्याच ठिकाणी चालते पण सिटीत नाही. युटावाल्यांची मात्र मजा आहे, त्यांनी २०२३ मध्ये कायद्यातच फटाके चालणाऱ्या दिवसांत दिवाळी घातली.
तुम्ही अपार्टमेंटमध्ये असाल तर आधी लीज वाचा, राज्य हो म्हणालं तरी कॉम्प्लेक्सवाले नाही म्हणतात. टाउनशिपच्या फायरवाल्यांनाही एक फोन करा. विझलेल्या फुलबाजीची तार थेट पाण्याच्या बादलीत, पोरं नेमकी तीच उचलतात.

मूळ प्रश्नकर्ता
लीजमध्ये खरंच 'फटाके नाहीत' असं लिहिलंय! आता एका मित्राच्या ड्राइव्हवेवर जमतोय. बाबा नागगोळीवर तयार झालेत, पण वाजत नाही तो कसला फटाका म्हणून सकाळपासून गाल फुगलेत.

मोदकप्रेमी
नागगोळीखाली जुना पत्रा ठेवा हं, काळा डाग जाता जात नाही, मित्र पुढच्या वर्षी बोलावणार नाही.