प्रतिसाद: प्रत्येक माशाला वेगळा रकाना नको

मासळी लिलावाच्या नोंदीचा डेटाबेस बनवताना टेबलात प्रत्येक माशाला वेगळा रकाना द्या, असं वरच्या पोस्टमध्ये सुचवलंय. मला ते पटत नाही. हर्णै बंदरावर आमची लिलावाची नोंद तशीच होती, निम्मे रकाने कायम रिकामे. त्यात होडीच्या नावाला फक्त २० बाइट. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं. 'जयभवानी'चे २१ झाले आणि शेवटची वेलांटी तुटली. नाखवा चिडला, आणि बरोबरच होतं त्याचं. होडीचं नाव आहे ते!

खेप, म्हणजे होडीनं एका वेळी आणलेली मासळी, एका टेबलात ठेवा, तिच्यातल्या प्रत्येक माशाची स्वतंत्र ओळ दुसऱ्यात: नाव, माप, एकक, भाव. सुरमई किलोवर, बांगडा टोपलीवर, दोन्ही नीट बसतात. कोळंबीच्या काउंटसारखं (किलोत किती नग बसतात ते) क्वचित लागणारं पोस्टग्रेस या डेटाबेसच्या जेसनबी रकान्यात, त्यात हवी ती जास्तीची माहिती नावासकट ठेवता येते. २०१४ च्या ९.४ आवृत्तीपासून ती सोय आहे. भाव आणि वजन मात्र त्यात कोंबू नका, रोजच्या बेरजा त्यांच्यावरच होतात.