मदत हवी आहे: डालेकांचा खरा इतिहास कुठला धरायचा?

मंडळी, 'डॉक्टर हू' ही ब्रिटिश विज्ञानकथा मालिका पहिल्यापासून बघायला घेतलीय आणि तिच्यातल्या डालेक या खलनायकांपाशी गाडी अडली आहे.

डिसेंबर १९६३ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या पहिल्या कथेत सांगतात की स्कारो ग्रहावर थाल आणि डाल असे दोन समाज होते. थाल लढवय्ये, डाल शिक्षक-विचारवंत. एका दिवसात युद्ध उरकलं, उरलेले डाल यंत्रांत जाऊन बसले, झाले डालेक! ते चालतात शहराच्या धातूच्या जमिनीतल्या स्थिर विजेवर. म्हणून तर आपली मंडळी (काळात फिरणारा नायक डॉक्टर आणि त्याचे साथीदार) एकाला झग्यावर ओढून घेतात आणि तो जागीच ठप्प होतो. (हा प्रसंग मला जाम आवडला.) शेवटी वीज तुटते, सगळे खलास.

पुढच्याच वर्षी स्वारी लंडनच्या रस्त्यांवर, पाठीला तबकडी लावून! इथे निदान डॉक्टर सांगतो तरी, की स्कारोवर पाहिलं ते दहा लाख वर्षं पुढचं होतं. पळवाटच, पण चालवून घेतली.

खरी पंचाईत १९७५च्या 'जेनेसिस ऑफ द डालेक्स'मध्ये. डाल गायब, त्यांच्या जागी कालेड. युद्ध हजार वर्षांचं. आणि डालेक मुद्दाम घडवलेले, डाव्हरॉस नावाच्या शास्त्रज्ञाने. लेखक नवा असता तर समजलो असतो, पण दोन्ही कथा टेरी नेशनच्याच!

सायबरमेन या दुसऱ्या, अर्ध्या यंत्र झालेल्या खलनायकांबद्दल तक्रार नाही. १९६६ला ते मोंडास ग्रहावरचे, २००६ला समांतर पृथ्वीवरचे. वेगळे आहेत हे तिथे सरळ सांगितलंय. डालेकांचं असं काही उत्तर मालिकेतच आहे का? भाचीला तक्ता करून द्यायचं कबूल केलंय, त्यात काय लिहू?

प्रतिसाद १
'जेनेसिस'ची सुरुवात पुन्हा बघा. टाइम लॉर्ड, म्हणजे डॉक्टरचे जातभाई, त्याला पाठवतात तेच मुळी डालेकांचा जन्म टाळायला, नाहीतर निदान त्यांना बदलायला. शेवटी तोही म्हणतो, हजारेक वर्षांचा खोडा घातला. त्यामुळे बरेच चाहते मानतात की आधीचा इतिहासच तिथे बदलला. मालिकेने तसं स्वच्छ म्हटलेलं नाही, पण तक्त्यात १९७५पाशी जाड रेघ मारायला एवढं पुरे.

त्यानंतर १९७९, १९८४, १९८५ आणि १९८८च्या चारही डालेक कथांत डाव्हरॉस आहेच. 'जेनेसिस' धरून पाच कथा सलग बघा, धागा नीट लागतो. त्याआधीच्या सुट्या सुट्या बघितल्या तरी बिघडत नाही.

प्रतिसाद २
+१. पण बघताना प्रक्षेपणाचाच क्रम धरा. कथेतल्या काळाप्रमाणे लावायला गेलात तर भाची कंटाळून उठून जाईल.

धागाकर्ता
आभार! रेघेची कल्पना पटली. आता पुढचं: १९८८ला स्कारो उडवतात असं वाचलं. मग २०१२च्या भागात तोच ग्रह कसा काय दिसतो?