तुमच्या कलेमागचा मित्र किंवा मैत्रीण : अनुभव सांगा

जलरंगी

परवा माळ्यावरचे जुने कागद झटकताना पुण्यातल्या ओंकारेश्वराच्या घाटाचं एक चित्र हाती लागलं, 1986 सालचं. मागे मित्राच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलंय, ‘इथे थांबलास, बरं केलंस.’ म्हणून हा धागा.

आम्ही दोघं टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयातले. दुसऱ्या वर्षाला त्याचे वडील गेले आणि तो भोसरीला कारखान्यात लागला. त्याचं चित्र काढणं सुटलं ते सुटलंच. पण रविवारी पहाटे माझ्या दारात त्याच्या स्कूटरचा हॉर्न काही चुकला नाही. मागच्या सीटवर मी, मांडीवर बोर्ड, पिशवीत पाण्याची बाटली. कधी पाताळेश्वर, कधी तुळशीबाग, खडकवासल्यातून पाणी सोडलं की बुडालेला भिडे पूल बघायला नदीकाठ.

जलरंगात निम्मं काम थांबण्याचं असतं. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, टाकला की वाळेपर्यंत हात आवरायचा. मध्येच ब्रश घातला की रंग मळतो, नको तिथे डाग फुटतात. एप्रिलात पुण्याच्या उन्हात कागद बघता बघता सुकतो. जुलैत मात्र सुकता सुकत नाही, आणि माझ्या हाताला तर खाज सुटलेली. नेमका तेव्हाच हा म्हणायचा, "चल, चहा मारू." मी चरफडत उठायचो. टपरीवरून परत येईस्तोवर कागद वाळलेला.

गडी चहाबाज आहे, अशी माझी वीसेक वर्षं समजूत होती. मग एकदा वहिनी सहज बोलून गेल्या, "घरी चहाला शिवत नाहीत हे. पित्त होतं ना."

मी काय बोलणार? अजून त्याच्याशी हा विषय काढलेला नाही. बालगंधर्वच्या कलादालनात माझं पहिलं प्रदर्शन लागलं तेव्हा तो तीन दिवस रजा काढून वहीपाशी बसला होता. चित्र मात्र एकही घेतलं नाही. म्हणाला, "मी घेतलं तर तुला वाटेल खपलं."

तुमचं कोण आहे असं? लिहा.

धा_तिरकिट

माझी मैत्रीण पेटीवर लेहरा धरते. तबल्याच्या रियाझाला लेहरा लागतो. तीनतालाच्या सोळा मात्रांची एकच ओळ, तीच, पुन्हा तीच. तबलेवाला कायदे, पलटे, रेले अशा रचना वाजवत भटकून येतो, समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, घर सापडलं पाहिजे म्हणून. ऐकायला सोपं वाटतं. दीड तास तीच ओळ वाजवून बघा, मग बोला.

1991 पासून हे चाललंय. सुरुवात सदाशिव पेठेतल्या वाड्यात. वरच्या आजोबांची वामकुक्षी मोडायची म्हणून दुपारी दोन ते चार बंद. वाडा पाडून इमारत झाली, तिचं लग्न होऊन ती हडपसरला गेली, तरी गुरुवारी दोन बस बदलून यायची. आता मोबाईलवर लेहऱ्याचं ॲप आहे. लय तसूभर हलत नाही, कुरकुर नाही, खिचडी करून घालावी लागत नाही. पण माझी तिहाई (तीनदा वाजवून समेवर यायचा तुकडा) अर्ध्या मात्रेनं पुढे पडली की ॲप भुवई उंचावत नाही. ती भुवई मला घाबरवते, अजूनही.

आई आजारी होती तेव्हा चार महिने मी तबल्याची खोळसुद्धा काढली नाही. ही गुरुवारी यायची, आईपाशी बसायची, भाजी निवडून द्यायची आणि जायची. पेटीचं नाव काढलं नाही. पाचव्या महिन्यात मीच तबला लावायची हातोडी शोधली.

विंगेतली

पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेच्या वेळी आमच्या एकांकिकेचं संगीत मैत्रिणीकडे होतं. भरत नाट्य मंदिर, बाहेर ‘आवाज कुणाचा’ करून सगळ्यांचे घसे बसलेले. शेवटच्या प्रवेशात तिनं कॅसेटचं बटण उशिरा दाबलं आणि रंगमंचावर भीषण शांतता. मी मनातल्या मनात तिला काय काय म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही. नंतर जो तो येऊन सांगतोय, ‘तो पॉज काय घेतलाय!’ दिग्दर्शक म्हणून कौतुक माझं झालं. तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आज मीच सांगून टाकते.

उलटसुलट

माझा सूर जरा वेगळा लागेल, चालवून घ्या. मी कविता लिहायचो. मित्राला त्यातली प्रत्येक ओळ आवडायची. प्रत्येक. त्यानं स्वतःच्या बोनसमधून संग्रह छापायला पैसे दिले, 500 प्रती. त्यातल्या साडेतीनशे अजून कोथरूडच्या घरी दिवाणाखाली आहेत. त्याचे पैसे फेडायला मला सहा वर्षं लागली. त्यानं एकदाही मागितले नाहीत, हेच जड गेलं. ‘ही ओळ काढ’ असं एकदा म्हणाला असता तर मी कदाचित आजही लिहीत असतो. जलरंगी, तुमच्या त्या चहाचा मला हेवा वाटला.

तरी खरं सांगायचं तर दिवाण हलवताना एखादी प्रत हाती येते, आणि पहिला फोन त्यालाच जातो.

चार_तारा

मी दुसऱ्या बाजूची. गाणारी माझी मैत्रीण. मी तिच्यामागे तानपुऱ्यावर, सत्तावीस वर्षं. निवेदक माझं नाव शेवटी घेतात, दोनदा तर चुकीचं घेतलंय. एसीत तारांचा सूर हलतो, म्हणून ग्रीनरूममध्ये जुळवलेलं रंगमंचावर पुन्हा जुळवायचं, आणि समोर लोक खोकत असतात. आभार वगैरे तिनं कधी मानले नाहीत. मात्र खर्ज लावण्याआधी ती मान किंचित मागे कलती करते, माझ्या तानपुऱ्याच्या जोडीच्या तारांना कान लावून. तेवढ्यासाठी मी तिन्ही मुलांच्या परीक्षा नवऱ्यावर सोपवल्यात.

जलरंगी

@उलटसुलट, साडेतीनशेतली एक प्रत मला हवी. पैसे देऊन.

बाकीच्यांना सवडीनं उत्तर देतो. उद्या रविवार. आता त्याचे गुडघे दुखतात, म्हणून गाडी मी चालवतो आणि पिशवी तो धरतो. घाटापाशी टपरी राहिली नाही. थर्मास मी घेतलाय. त्याच्यासाठी त्यात कोकम सरबत भरावं की चहाच, एवढंच ठरत नाहीये.