घड्याळ मागे-पुढे करणं बंद झालं, तर तुम्हाला कुठली वेळ कायमची हवी?

रातराणी

मी डेट्रॉइटजवळच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. नऊ वर्षं फक्त नाइट, संध्याकाळी ७ ते सकाळी ७. डेलाइट सेव्हिंगचा (इथे मार्चमध्ये घड्याळ तासभर पुढे करतात, ती उन्हाळ्याची वेळ; नोव्हेंबरमध्ये परत मागे, ती हिवाळ्याची म्हणजे प्रमाणवेळ) विषय निघाला की जो तो मार्चमध्ये बुडालेल्या एका तासाच्या झोपेबद्दल रडतो. माझं गणित उलटं आहे. त्या रात्री २ चे एकदम ३ होतात आणि माझी १२ तासांची ड्यूटी ११ तासांत आटपते. (पगारही ११ चाच मिळतो, पण पहाटे त्याचं दुःख कुणाला नसतं.)

नोव्हेंबरचा पहिला रविवार मात्र वैऱ्याचा. २ वाजायला आले की परत १. म्हणजे १३ तास, आणि १ ते २ हा तास दोनदा. एकदा १:५० ला पेशंटला दुखण्याचं इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासाने आराम पडला का विचारायला गेले, तर भिंतीवर १:२०. कागदोपत्री बाईंना इंजेक्शनच्या आधीच बरं वाटलेलं! तेव्हापासून आम्ही तो तासभर कॉम्प्युटर बाजूला ठेवतो आणि वहीत ‘पहिला १’, ‘दुसरा १’ असं लिहितो. हसू नका, खरंच लिहितो.

पण माझा खरा मुद्दा झोपेचा. ऑक्टोबरच्या शेवटी आमच्याकडे सूर्य ८ च्या सुमाराला उगवतो. साडेसातला गाडी काढते तेव्हा अंधार असतो, अंधारातच घरी पोचते आणि मेल्यासारखी झोपते. घड्याळ मागे गेलं की त्याच रस्त्यावर ऊन थेट डोळ्यांत. गॉगल लावते, तरी घरी येईपर्यंत झोप उडालेली असते. म्हणून माझं मत: उन्हाळ्याची वेळ बारा महिने ठेवा. नवऱ्याचं बरोब्बर उलट, कारण तो सकाळी ७ ला निघतो. घरात १-१. तुमचं काय? उत्तरासोबत कामाची वेळही सांगा, नाहीतर मताला अर्थ नाही.

कोलोनकर

आमच्या घरी मतदान तीन वर्षांच्या मुलाने केलंय. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ मागे गेलं, तरी तो आपल्या ६ ला म्हणजे नव्या ५ ला उठून माझ्या पापण्या उघडतो. आठवडाभर.

‘बंद करा’ म्हणणं सोपं आहे हो. २०१८ मध्ये युरोपियन युनियनने लोकांना विचारलं, ४६ लाख उत्तरं आली, त्यातल्या ८४ टक्क्यांनी बंद करा म्हटलं. (बहुतेक उत्तरं आम्हा जर्मनीवाल्यांचीच होती, आम्हाला तक्रारीचा फॉर्म दिसला की राहवत नाही.) २०१९ मध्ये युरोपीय संसदेनेही २०२१ पासून बंद करायला कौल दिला. गाडी अडली ती पुढे, कुठली वेळ ठेवायची या प्रश्नावर. स्पेन आणि पोलंड एकाच घड्याळावर चालतात. उन्हाळ्याची वेळ कायम केली तर स्पेनच्या पश्चिम टोकाला जानेवारीत सूर्य १० ला उगवेल. हिवाळ्याची केली तर वॉर्सात जूनमध्ये सव्वातीनला उजाडेल. तुमचं १-१ तिकडे सगळ्या खंडभर झालंय.

वाळवंटवासी

ॲरिझोना. आम्ही १९६८ पासून घड्याळाला हात लावत नाही. इथल्या उन्हाळ्यात संध्याकाळी आणखी तासभर ऊन कुणाला हवंय? सूर्य बुडायची वाट बघतो आम्ही. अपवाद नवाहो नेशनचा, म्हणजे इथल्या नवाहो आदिवासींच्या प्रदेशाचा, ते घड्याळ बदलतात. त्यांच्या मधोमध होपी या दुसऱ्या आदिवासींचा प्रदेश आहे, ते बदलत नाहीत. गाडीने त्या भागातून जाताना माझा फोन वेडा होतो.

पण सुटका नाहीच. माझी टीम न्यूयॉर्कला. त्यांची ९ ची मीटिंग मला हिवाळ्यात ७ ला असते, उन्हाळ्यात ६ ला. घड्याळ त्यांनी फिरवायचं, उठायचं मी.

आठवी_इयत्ता

मला मार्चमध्ये ऑफिसातून सुटल्यावर उजेड दिसतो, एवढंच कळतं. आहे तसं चालू द्या.

सकाळची_बस

रातराणी ताई, तुमचा राग नाही, पण बारा महिने उन्हाळ्याची वेळ हा प्रयोग अमेरिकेत झालेला आहे. तेलटंचाईत, ६ जानेवारी १९७४ ला घड्याळं पुढे केली, ती दोन वर्षं तशीच ठेवायची होती. आधी लोक खूश होते. मग पोरं काळोखात शाळेला निघायला लागली, आईबाप घाबरले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काँग्रेसने हिवाळ्यापुरती जुनी वेळ परत आणली. २०२२ मध्ये सिनेटने पुन्हा बारा महिने उन्हाळ्याच्या वेळेचं विधेयक एकमताने संमत केलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. प्रतिनिधिगृहात ते पुढे गेलं नाही म्हणून बरं.

मीही तुमच्याच राज्यात राहते. तुमच्या पद्धतीने जानेवारीत आपल्याकडे ९ ला सूर्य उगवेल. माझ्या मुलीची बस ६:५० ला येते. आत्ताही ती टॉर्च घेऊन उभी असते हे मान्य, पण शाळेतला पहिला तास तरी उजेडात होतो. झोपेच्या डॉक्टरांची अमेरिकेतली संघटना २०२० पासून सांगतेय की कायमची हवी तर प्रमाणवेळ हवी, कारण शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं.

आणि कुणी ‘हे शेतकऱ्यांसाठी केलंय’ म्हणायच्या आत सांगते: शेतकऱ्यांनी विरोधच केला होता. १९१८ ला अमेरिकेत हे आलं आणि १९१९ ला त्यांच्याच रेट्याने गेलं. गाय घड्याळ बघून दूध देत नाही.

रातराणी

१९७४ चं मला माहीत नव्हतं. नवऱ्याला मुद्दाम सांगितलेलं नाही, उगीच जिंकेल.

सकाळचा उजेड शरीराचं घड्याळ लावतो, हे मात्र माझ्याच बाजूचं झालं ना? तोच उजेड माझं घड्याळ रोज बिघडवतो. पण ठीक आहे, टॉर्च घेतलेल्या मुलीपुढे माझा गॉगल हरला. मत मागे घेते, बेडरूमला जाड पडदे घेते. ॲरिझोनावाले दादा, तुम्ही ६ च्या मीटिंगला कॅमेरा चालू ठेवता का?

नोव्हेंबरच्या त्या रात्री मी सुट्टी मागितली होती. आज ड्यूटीची यादी लागली. नाव आहे.