संगणकीय दृश्यीकरणाची परीक्षा : एकाच चौकटीची दोन उत्तरे कशी?

प्रश्न
संगणकीय दृश्यीकरण या प्रास्ताविक विषयाची लेखी परीक्षा बारा दिवसांवर आली आहे. आलेखांचे प्रकार आणि व्याख्या पाठ आहेत. मात्र मार्चिंग स्क्वेअर्सच्या (चौकटींच्या कोपऱ्यांवरील किमतींवरून समोच्च रेषा काढण्याच्या पद्धतीच्या) उदाहरणात एकाच कर्णावरचे दोन कोपरे आयसोव्हॅल्यूपेक्षा (जिची रेषा काढायची त्या किमतीपेक्षा) मोठे आणि उरलेले दोन लहान आले, की समोच्च रेषा कशा जोडाव्यात हे मला उलगडत नाही. सोळा प्रकारांचा तक्ता पाठ करूनही उत्तर चुकते. भर कशावर द्यावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
तुम्ही जिथे अडखळता, त्या दोन प्रकारांत नुसत्या तक्त्यावरून उत्तर ठरतच नाही. कागदावर एक चौकट काढा : एका कर्णाच्या टोकांना ८ आणि ६, दुसऱ्याच्या टोकांना २ आणि ० लिहा. आयसोव्हॅल्यू ५ घेतली काय किंवा ३ घेतली काय, मोठे कोपरे तेच राहतात. पण चौकटीच्या मध्यावरची किंमत, म्हणजे चारींची सरासरी, ४ येते, आणि ती ५ पेक्षा लहान असल्यामुळे पहिल्या वेळी ८ आणि ६ एकमेकांपासून तुटतात, तर ३ पेक्षा मोठी असल्यामुळे दुसऱ्या वेळी जोडले जातात. छेदबिंदू प्रमाणानेच काढावेत, अंदाजाने नव्हे : ५ साठी ८ आणि ० यांमधल्या कडेवर तो ८ पासून ३/८ अंतरावर येतो.

प्रतिसाद २
सरासरी हा सोपा मार्ग झाला. द्विरेषीय इंटरपोलेशन (आतल्या किमती दोन्ही दिशांनी प्रमाणात काढणे) गृहीत धरल्यास निकाल खोगीरबिंदूवरच्या, म्हणजे एकीकडे चढ आणि दुसरीकडे उतार असलेल्या बिंदूवरच्या, किमतीने लागतो. इथे (८×६ − २×०) ÷ (८+६−२−०) हीदेखील ४ च येते, पण ती नेहमी सरासरीइतकी असेलच असे नाही. म्हणून कोणती पद्धत विचारली आहे, ते आधी वाचावे. लोरेन्सन आणि क्लाइन यांच्या १९८७ च्या मार्चिंग क्यूब्समध्येही (याच कल्पनेच्या घनांवरच्या, त्रिमितीय रूपातही) हाच घोळ आहे : २५६ मांडण्या १५ वर आणल्या, तरी घनाच्या दोन प्रकारे जोडता येणाऱ्या संदिग्ध बाजू उरतात, आणि शेजारच्या दोन घनांनी त्या वेगवेगळ्या जोडल्या तर पृष्ठभागाला भोके पडतात.

प्रतिसाद ३
व्हॉल्यूम रेंडरिंगचेही (त्रिमितीय विदेतून दृष्टिकिरणावरचे नमुने एकत्र करून चित्र काढण्याचेही) एक गणित हाताने सोडवावे. प्रत्येकी ०.५ अपारदर्शकतेचे तीन नमुने पुढून मागे घेतल्यास एकूण ०.५, ०.७५, ०.८७५ अशी वाढते. अनेक जण सरळ बेरीज करून १.५ लिहितात.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. दोन्ही आकृत्या जमल्या. कुतूहलाने आयसोव्हॅल्यू ४ घेऊन पाहिली, तेव्हा कडांना समांतर अशा दोन सरळ रेषांची फुली पडली, तीही मध्यावर नव्हे, तर २ आणि ६ यांमधल्या कडेकडे सरकलेली.